नकली गर्दीचे कारागीर

वेब सर्व्हरला किती ताण सोसवतो हे पाहण्यासाठी प्रोग्रामरनं टर्मिनलवर 'एबी' ही आज्ञा दिली, की आकडे यायच्या आधी पडद्यावर एक नाव उमटतं : ॲडम ट्विस, झ्यूस टेक्नॉलॉजी, १९९६. ट्विस आणि डेमियन रीव्ह्ज या दोघांनी १९९५मध्ये इंग्लंडातल्या केंब्रिजमध्ये ही कंपनी काढली. झ्यूस नावाचा वेब सर्व्हर हा तिचा मुख्य माल. सर्व्हरचा वेग मोजायला ट्विसनं एक छोटं अवजारही लिहिलं. पुढे ते अपाची या मुक्त सर्व्हरच्या मंडळींकडे गेलं आणि त्याचं 'अपाचीबेंच' झालं, थोडक्यात एबी. २०११मध्ये रिव्हरबेड या अमेरिकी कंपनीनं झ्यूस विकत घेतली. त्या सर्व्हरची आठवण आता मोजक्याच लोकांना असेल. एबी मात्र अपाचीबरोबर अजूनही येतं.

ते वापरायला सोपं आहे. एकूण किती विनंत्या पाठवायच्या आणि एका वेळी किती, एवढे दोन आकडे द्यायचे. 'एकूण १०,०००, एका वेळी १००' असं सांगितलं की एबी शंभर जोडण्या उघडतं, एक उत्तर आलं की त्या जागी पुढची विनंती सोडतं आणि शेवटी सेकंदाला सरासरी किती विनंत्या पार पडल्या ते सांगतं. या साधेपणात एक गृहीतक आहे. एबीतला नकली वापरकर्ता कमालीचा सोशिक आहे. उत्तर येईपर्यंत तो दुसरं काही मागत नाही, आणि तो ताटकळत असताना त्याच्या मागे कुणी नवा येऊन उभा राहत नाही. लोड टेस्टिंगची अवजारं निवडताना लोक किंमत पाहतात, भाषा पाहतात, रिपोर्ट किती देखणा निघतो ते पाहतात. आतला हा नकली माणूस कसा वागतो, हे पाहायची सवय या धंद्याला बरीच उशिरा लागली.

गर्दी मोजायचं गणित वेबच्या कितीतरी आधीचं आहे. आग्नेर क्रारूप एरलांग हा डॅनिश गणिती १९०८मध्ये कोपनहेगन टेलिफोन कंपनीत दाखल झाला. त्याच्यापुढचा प्रश्न रोकडा होता : किती लाइन टाकल्या आणि किती ऑपरेटर बसवले म्हणजे शहराला पुरेल? जास्त टाकल्या तर पैसा वाया, कमी टाकल्या तर ग्राहकांची ओरड. १९०९च्या लेखात त्यानं दाखवलं, की फोन एकमेकांना न विचारता, आपापल्या वेळी येतात आणि तरी त्यांच्या येण्याला संभाव्यतेचा एक ठरावीक साचा असतो. सगळ्या लाइन गुंतलेल्या असताना नवा कॉल परत जाण्याची शक्यता किती, थांबावं लागलंच तर किती, याची सूत्रं त्यानं १९१७मध्ये मांडली. या गणिताचा पाया एका साध्या निरीक्षणावर आहे. फोन उचलणाऱ्याला एक्स्चेंजची हालत ठाऊक नसते. तिथं तुंबलं आहे म्हणून शहरातले लोक फोन करायचे थांबत नाहीत.

संगणकांच्या जगात मात्र सुरुवातीला गर्दीचं चित्र वेगळं होतं, आणि ते बँकेतून आलं. जिम ग्रे या संगणकशास्त्रज्ञाच्या पुढाकारानं १९८५च्या एप्रिलमध्ये 'डेटामेशन' मासिकात एक लेख आला. लेखक दोन डझन, पण लेखावर नाव होतं 'अनामिक आणि इतर'. त्यात एक नमुन्याची बँक कल्पिली होती : १,००० शाखा, १०,००० टेलर, १ कोटी खाती. प्रत्येक टेलर दर १०० सेकंदांना एक व्यवहार करणार, म्हणजे मुख्य संगणकावर सेकंदाला १०० व्यवहार येणार. त्यातले ९५ टक्के एका सेकंदाच्या आत उरकले पाहिजेत, ही अट. संगणक कंपन्या एकमेकींच्या वरताण आकडे जाहिरातीत छापत होत्या, त्या काळात सर्वांना एकाच मापानं मोजायचा हा प्रयत्न होता. १९८८मध्ये ट्रान्झॅक्शन प्रोसेसिंग परफॉर्मन्स कौन्सिल ही संस्था उभी राहिली ती याच वाटेवर.

या बँकेत टेलर दहा हजारच होते. संगणक मंदावला, तर टेलर पडद्याकडे बघत बसणार. त्यामागे दहा हजार एकावा टेलर कुठून येणार नव्हता. बंद दाराआडची ही गर्दी बँकेपुरती अगदी खरी होती. कारखान्याच्या, विमा कंपनीच्या, रेल्वे आरक्षणाच्या काउंटरवरच्या टर्मिनलांनाही ती लागू पडत होती.

लोडरनर हे अवजार याच जगात जन्मलं. १९८९मध्ये इस्रायलमध्ये सुरू झालेल्या मर्क्युरी इंटरॅक्टिव्ह कंपनीनं ते नव्वदीच्या सुरुवातीला बाजारात आणलं. एरवी खरा ताण पाहायचा तर खरी माणसं खऱ्या यंत्रांपुढे बसवून एकदम बटणं दाबायला लावावी लागत. लोडरनरनं त्या माणसांच्या जागी 'व्हर्च्युअल युजर' बसवले. एका माणसाचं काम रेकॉर्ड करायचं, त्याची स्क्रिप्ट बनवायची आणि तीच स्क्रिप्ट शेकडो नकली माणसांकडून चालवून घ्यायची. दोन क्लिकांच्या मधे माणूस विचार करतो, वाचतो, म्हणून त्यात 'थिंक टाइम'ही घालायचा. कंपन्यांना हे इतकं पटलं, की २००६मध्ये एचपीनं मर्क्युरी सुमारे साडेचार अब्ज डॉलर मोजून घेतली. पुढे ते अवजार मायक्रो फोकसकडे आणि २०२३मध्ये ओपनटेक्स्टकडे गेलं. लोडरनरचा परवाना व्हर्च्युअल युजरच्या संख्येवर मिळे. त्यामुळे पाचशे माणसांचा परवाना असलेल्या कंपनीची चाचणी पाचशे माणसांचीच होई, मग बाहेर पाच हजार उभे असोत.

वेबनं हे दार सताड उघडलं. आता टेलर मोजता येत नव्हते. पण अवजारं लिहिणाऱ्यांच्या डोक्यात चित्र टेलरचंच राहिलं. एसजीआय कंपनीचं वेबस्टोन १९९५चं, स्पेक या संस्थेचं स्पेकवेब १९९६चं, आणि त्याच वर्षीचं एबी. तिन्हींत ग्राहकांची संख्या आधी ठरलेली, आणि प्रत्येक ग्राहक उत्तराची वाट पाहणारा.

१९९८मध्ये स्तेफानो माझ्झोकी या इटालियन प्रोग्रामरनं जेमीटर लिहिलं. अपाचीबरोबर जावा चालवणाऱ्या जेसर्व्हचा वेग तपासायचा, एवढाच त्यामागचा हेतू होता. जेसर्व्ह लवकरच मागे पडला, त्याची जागा टॉमकॅटनं घेतली. जेमीटर टिकलं. ते फुकट होतं, माउसनं खिडकीत भाग जोडून चाचणी उभी करता येत होती, म्हणजे प्रोग्रामर नसलेल्या टेस्टरलाही ते झेपत होतं. लोडरनरचा खर्च न परवडणाऱ्यांच्या हाती ते आपसूक आलं आणि पुणे, बेंगळुरू, हैदराबादच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत परफॉर्मन्स टेस्टरच्या नोकरीच्या जाहिरातीत ही दोन नावं शेजारी शेजारी बसू लागली. जेमीटरमधला प्रत्येक नकली माणूस म्हणजे एक थ्रेड, प्रोग्राममधला कामाचा एक स्वतंत्र धागा. माणसं वाढवली की थ्रेड वाढत, थ्रेड वाढले की मेमरी संपे, आणि सर्व्हरच्या आधी चाचणी करणारं यंत्रच मान टाके. म्हणूनच जेमीटरची स्वतःची मार्गदर्शिका सांगते, की खरा लोड द्यायचा असेल तेव्हा खिडकी बंद ठेवा, आज्ञेवरून चालवा. ते ब्राउझर नाही, पानावरची जावास्क्रिप्ट ते चालवत नाही, हेही तिथं नोंदलेलं आहे.

अवजार कोण निवडतं यावर निकाल किती अवलंबून असतो, याचा धडा १९९९मध्ये मिळाला. त्या एप्रिलमध्ये माइंडक्राफ्ट या अमेरिकी प्रयोगशाळेनं जाहीर केलं, की विंडोज एनटी हा लिनक्सपेक्षा फाइल सर्व्हर म्हणून अडीच पट आणि वेब सर्व्हर म्हणून ३.७ पट वेगवान आहे. चाचणीचा खर्च एनटी बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्टनंच केला होता. यंत्र होतं चार प्रोसेसरचं, त्याला १०० मेगाबिटची चार नेटवर्क कार्डं. वेबचं मोजमाप झिफ-डेव्हिसच्या वेबबेंचनं, म्हणजे तयार फाइली भराभर वाटायच्या कामावर झालं. लिनक्सच्या मंडळींनी हलकल्लोळ केला. एनटीला चोख ट्यून केलं, लिनक्सला नाही. आणि चार कार्डं भरून वाहतील इतक्या स्थिर फाइली वाटणारं संकेतस्थळ असतं तरी कुठं, असे आक्षेप आले. जूनमध्ये दोन्ही बाजूंच्या उपस्थितीत फेरचाचणी झाली. एनटी तरीही पुढे राहिलं.

आक्षेपांत तथ्य होतं, आणि निकालातही होतं. अनेक प्रोसेसर आणि अनेक नेटवर्क कार्डं एकत्र आली, की लिनक्सच्या नेटवर्क विभागात एकच कुलूप सगळ्यांना अडवतं, हे या भांडणातून उघड झालं. २००१च्या जानेवारीत आलेल्या लिनक्स २.४मध्ये त्यावर काम झालेलं होतं. वास्तवाशी फारसं नातं नसलेल्या चाचणीनं खरा दोष पकडला होता.

त्याच सुमारास काही संशोधकांना मूळ गृहीतकच खटकू लागलं होतं. राइस विद्यापीठातल्या गौरव बंगा आणि पीटर द्रुशेल यांनी १९९७मध्ये दाखवलं, की वाट पाहणारे मोजके ग्राहक सर्व्हरवर त्याच्या ताकदीपलीकडचा भार टाकूच शकत नाहीत. सर्व्हर अडला की तेही अडतात. एचपीच्या प्रयोगशाळेत डेव्हिड मॉसबर्गर आणि ताइ जिन यांनी १९९८मध्ये एचटीटीपर्फ लिहिलं. त्यात 'किती माणसं' याऐवजी 'सेकंदाला किती विनंत्या' हे सांगायचं. सर्व्हर उत्तर देवो न देवो, ठरल्या ठोक्याला पुढची विनंती निघते. एरलांगचे फोन करणारे वेबवर पोचले ते असे.

दोन्हींतला फरक साध्या हिशेबात दिसतो. अमेरिकी शास्त्रज्ञ जॉन लिटल यांनी १९६१मध्ये सिद्ध केलेला नियम सांगतो, की आत असलेल्यांची सरासरी संख्या म्हणजे येण्याचा दर गुणिले आत घालवलेला वेळ. समजा २०० व्हर्च्युअल युजर आहेत, सर्व्हर एका सेकंदात उत्तर देतो आणि प्रत्येक जण ९ सेकंद विचार करतो. मग सर्व्हरवर सेकंदाला २० विनंत्या येतील. आता सर्व्हर थकला आणि उत्तराला ११ सेकंद लागू लागले, तर त्याच २०० माणसांकडून सेकंदाला १०च विनंत्या येतील. सर्व्हर अडचणीत आला त्याच क्षणी चाचणीनं त्याचा भार निम्मा केला. खरी गर्दी अशी दया दाखवत नाही. उलट पान उघडेना म्हणून लोक पुन्हा पुन्हा रिफ्रेश दाबतात.

कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या बियांका श्रोडर, ॲडम विअरमन आणि मोर हारचोल-बाल्टर यांनी २००६च्या शोधनिबंधात हे बंद आणि खुलं असे दोन गट आखून दिले, आणि प्रचलित अवजारांपैकी कुठलं कोणत्या गटात बसतं याची यादीच केली. एकाच सर्व्हरला दोन तऱ्हांनी तपासलं तर उत्तराच्या वेळात प्रचंड तफावत पडते, हे त्यांनी दाखवलं.

अझुल सिस्टिम्स कंपनीच्या गिल टेनी यांनी पुढे यातलाच आणखी एक सापळा दाखवला. त्यांचं उदाहरण असं : एक सर्व्हर १०० सेकंद नीट चालतो, सेकंदाला १०० विनंत्या, प्रत्येकीला एक मिलिसेकंद. मग तो पुरे १०० सेकंद गोठतो. वाट पाहणारं अवजार नोंद करतं : १०,००० उत्तरं एक मिलिसेकंदाची आणि एकच १०० सेकंदांचं. सरासरी येते सुमारे ११ मिलिसेकंद, रिपोर्ट हिरवागार. प्रत्यक्षात गोठलेल्या काळात आणखी १०,००० लोक येऊन गेले असते आणि त्यांना सरासरी ५० सेकंद थांबावं लागलं असतं. खरी सरासरी २५ सेकंदांच्या आसपास. विल ग्लोझर यांनी लिहिलेल्या डब्ल्यूआरके या वेगवान अवजारात टेनींनी दुरुस्ती करून डब्ल्यूआरके-२ काढलं. विनंती केव्हा सुटली यापेक्षा ती केव्हा सुटायला हवी होती, तिथून ते घड्याळ लावतं.

दरम्यान सर्व्हरही बदलले. डॅन केगल यांनी १९९९मध्ये प्रश्न टाकला होता, की एका यंत्रानं एकाच वेळी १०,००० ग्राहक का सांभाळू नयेत? २००४मध्ये इगोर सिसोयेव यांनी खुला केलेला एन्जिनेक्स हा त्याचं एक उत्तर होता. माणशी एक थ्रेड ही पद्धत सोडून थोडे थ्रेड हजारो जोडण्यांवर नजर ठेवू लागले. अशा सर्व्हरला दमवायचं तर अवजारांनाही तीच रीत उचलणं भाग होतं. फ्रान्समध्ये निकोला निक्लोस यांनी २००१पासून घडवलेलं त्सुंग या बाबतीत आधीच पुढे होतं. ते एरिक्सन कंपनीनं टेलिफोन एक्स्चेंजसाठी बनवलेल्या अर्लांग भाषेत लिहिलं आहे, आणि भाषेचं ते नाव एरलांग या डॅनिश गणितीवरूनही आलेलं आहे.

२०१० नंतर अवजारांचं पीकच आलं. स्वीडनमध्ये 'बॅटलफील्ड' या व्हिडिओ गेमच्या खेळाडूंचं बॅटललॉग हे संकेतस्थळ तपासायला लोकस्ट वापरलं गेलं. त्यात चाचणी पायथॉनमध्ये लिहायची. पॅरिसच्या स्तेफान लांदेल यांचं गॅटलिंग स्काला भाषेत आलं. २०१७मध्ये स्टॉकहोमच्या लोड इम्पॅक्ट कंपनीनं के-सिक्स खुलं केलं; इंजिन गो भाषेतलं, स्क्रिप्ट जावास्क्रिप्टमधली. २०२१मध्ये ते ग्राफाना लॅब्जनं घेतलं. या सगळ्यांमागे एक समान तक्रार होती. जेमीटरची चाचणी म्हणजे एक्सएमएलची भलीमोठी फाइल. ती माणसाला वाचवत नाही, काल आणि आज यात काय बदललं ते कळत नाही. चाचणीही कोडसारखी लिहावी, कोडसारखीच तपासावी, असं नव्या पिढीला वाटत होतं.

अवजारं इतकी सुधारली तरी कोसळायचं ते कोसळलंच. १ ऑक्टोबर २०१३ला अमेरिकेचं आरोग्यविम्याचं सरकारी संकेतस्थळ सुरू झालं आणि पहिल्या दिवशी फक्त सहा जणांची नोंदणी पूर्ण झाली. काही शे नकली वापरकर्त्यांच्या चाचणीतच ते आधी अडखळलं होतं, हे नंतर बाहेर आलं. चाचणी झाली होती, निकालही हाती होता. तारीख हलली नाही.

भारतातली गर्दी तर घड्याळाच्या काट्यावर येते. आयआरसीटीसीची ऑनलाइन तिकीटविक्री ऑगस्ट २००२मध्ये सुरू झाली. तत्काळची खिडकी सकाळी दहाला उघडायची, आणि देशभरातले लोक दहाच्या आधीच पडद्यापुढे बसलेले असायचे. २०१४च्या एप्रिलमध्ये नवी यंत्रणा आली तेव्हा क्षमता मिनिटाला २,००० तिकिटांवरून ७,२००वर गेली. तरी साधारण वर्षभरानं रेल्वेनं वातानुकूलित डब्यांची तत्काळ विक्री दहाला आणि बाकीची अकराला अशी विभागली. सर्व्हर वाढवण्याबरोबर गर्दीच दोन तासांत वाटून टाकायचा हा उपाय होता. एकसमान येणाऱ्या विनंत्यांची चाचणी इथं कुचकामी ठरते. नऊ एकोणसाठला शांतता आणि दहाला भिंत, असा उभा चढ स्क्रिप्टमध्ये आणावा लागतो.

महाराष्ट्रात हा चढ दहावीच्या निकालाला दुपारी एक वाजता दिसतो. १६ जुलै २०२१ला, कोविडमुळे परीक्षा न झालेल्या वर्षी, अंतर्गत मूल्यमापनावरचा निकाल लागला. सुमारे १६ लाख विद्यार्थी आणि त्यांच्यामागे घरचे. निकालाची संकेतस्थळं कित्येक तास उघडेनात, आणि शालेय शिक्षणमंत्र्यांना चौकशीचे आदेश द्यावे लागले.

याच राज्याच्या राजधानीत उलट उदाहरणही घडलं. मुंबईच्या हॉटस्टारनं २०१९च्या क्रिकेट विश्वचषकासाठी 'प्रोजेक्ट हल्क' या नावानं नकली गर्दी उभी केली होती. गॅटलिंगच्या स्क्रिप्ट, ॲमेझॉनच्या आठ विभागांत भाड्यानं घेतलेली यंत्रं, एकूण १,०८,००० सीपीयू. १० जुलैला भारत-न्यूझीलंड उपांत्य सामन्यात एकाच वेळी २ कोटी ५३ लाख लोक पाहत होते. धोनी धावचीत झाला आणि प्रेक्षकांचा आकडा धाडकन घसरला. बाहेरच्याला वाटेल, सर्व्हरला विसावा मिळाला. पण लोक ॲप बंद करत नाहीत, 'मागे' दाबतात, आणि सगळे एकदम मुखपृष्ठावर येऊन आदळतात. व्हिडिओचा भार उतरला त्याच क्षणी मुखपृष्ठाचा चढला. हे माहीत असल्यामुळे हॉटस्टारच्या चाचणीत लाट चढतानाइतकीच उतरतानाही तपासली जात होती. २०२३च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्याच मंचावर हा आकडा ५ कोटी ९० लाखांवर गेला.

अलीकडे अवजारांमधला जुना भेद पुसट होत चालला आहे. गॅटलिंगमध्ये माणसं खुल्या दारानं सोडायची की बंद, हे स्क्रिप्टमध्ये स्पष्ट लिहावं लागतं. के-सिक्सनं २०२०मध्ये येण्याच्या दरावर चालणारी पद्धत घेतली. खुद्द जेमीटरच्या २०२२च्या ५.५ आवृत्तीत खुल्या गर्दीचा थ्रेड ग्रुप आला. चारशे कारकून दिवसभर वापरतात त्या कार्यालयीन प्रणालीला आजही बंद दाराची चाचणी पुरते. तिथं चारशे एकावा माणूस नसतो. दहावीच्या निकालाच्या संकेतस्थळाला मात्र तीच चाचणी लावली, तर एक वाजेपर्यंत सगळं ठीक असल्याचाच रिपोर्ट हाती येईल.